कूलर, बोर्ड, एमसीबी: कुठवर आपण हात घालायचा आणि कुठे इलेक्ट्रिशियनला फोन लावायचा

होळी झाली की आपल्या नागपुरात घरोघरी माळ्यावरचे कूलर खाली उतरतात. कोणी खस बदलते, कोणी टाकीला आतून रंग मारते, कोणी पंप बादलीत टाकून पाहते की चालते का, आणि ह्यातलं बहुतेक काम घरचा माणूसच करते. करायलाही पाहिजे. दर वेळी इलेक्ट्रिशियन बोलावणं कोणाला परवडते, आणि एप्रिल-मेमध्ये तो भेटतही नाही, सकाळी फोन केला तर "संध्याकाळी येतो दादा" म्हणते आणि तिसऱ्या दिवशी उगवते. म्हणून सगळं काम इलेक्ट्रिशियनकडूनच करा असं मी सांगणार नाही. कोणतं काम आपण करायचं आणि कुठे हात मागे घ्यायचा तेवढं सांगतो, कारण ते मी आमच्याच घरी फार जवळून पाहिलं.

आमचं घर मानेवाड्याकडे, वडिलांनी बांधलेलं, तीस वर्षांहून जुनं. तीन वर्षांआधी मी कूलरचा पंप बदलला. नवीन पंपाला तीन तारा होत्या, ब्राऊन, निळी आणि हिरवी-पिवळी, आणि आमच्या कूलरची पिन जुनी, दोन पायांची. मी ब्राऊन आणि निळी जोडली, हिरवीला त्या पिनेत जागाच नव्हती म्हणून ती कापली, टेप गुंडाळली. पंप चालला, हवा गार आली, घरचे खुश. पंधरा दिवस काहीच नाही. मग एका दुपारी आई टाकीत पाणी भरून राहिली होती, कूलर चालूच, पाय ओले, एका हातात पाईप, आणि दुसरा हात कूलरच्या पत्र्याला लागला. मी आतल्या खोलीत होतो, आवाज ऐकून धावत आलो तर ती भिंतीला टेकून खाली बसलेली, हात थरथरत होता, तोंडातून शब्द निघेना. मागे फेकल्या गेली म्हणून वाचली. पत्र्याला चिकटली असती तर काय झालं असतं ते मी आजही मनात आणू शकत नाही.

संध्याकाळी आमच्या चौकातले इलेक्ट्रिशियन काकाजी आले. त्यांनी पिन काढली, पंप वर उचलला, उलटा केला आणि वायर जिथून पंपात शिरते तिथे अंगठ्याने दाबलं, तर रबराच्या चिरेतून पाण्याचा थेंब बाहेर आला. पंपातला करंट पाण्यात, पाण्यातून टाकीच्या पत्र्यात. मग त्यांनी माझी टेप उलगडली, ती कापलेली हिरवी तार माझ्यासमोर धरली आणि म्हणाले, "पंप तर तू बरोबर बसवला बेटा. पण पंप कधीतरी खराब होणारच होता, आणि करंटला जमिनीत जायला जो रस्ता होता तो तू कापला. मग त्याने तुझ्या आईतून रस्ता काढला."

आणि पुढे जे म्हणाले ते मी तेव्हापासून पाळतो. "जे होतं तेच तसंच परत लावणं, ते तुझं काम. जे नव्हतं ते वाढवणं, जे होतं ते कमी करणं, आणि कशाने झालं तेच कळत नाही, ही तीन कामं माझी."

नंतर मला समजलं की कायदाही जवळपास हेच म्हणते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच, घरगुती उपकरणं अशा २५० व्होल्टच्या आतल्या वस्तू बदलायला सूट आहे, पण फिटिंगची क्षमता किंवा स्वरूप बदलत असेल, म्हणजे नवीन पॉइंट, नवीन वायर, लोड वाढवणं वगैरे, तर ते काम सरकारी लायसन असलेल्या कंत्राटदारामार्फत, परमिट असलेल्या माणसाकडूनच झालं पाहिजे. काकाजींनी काही नियम वाचून सांगितलं नव्हतं, पण रेघ तीच.

जे आपण करायला हरकत नाही

बल्ब, ट्यूब, पंख्याचा रेग्युलेटर, पंख्याचा कंडेन्सर, तुटलेलं बटन, ढिला सॉकेट, डोअरबेल, इस्त्रीची किंवा कूलरची पिन. पंखा हळू फिरून राहिला आणि हाताने ढकलल्यावर वेग पकडते तर दहात नऊ वेळा कंडेन्सर गेलेला असते. छताच्या पंख्याला बहुतेक करून २.५ मायक्रोफॅरडचा लागते, जुन्यावर जो आकडा लिहिला तोच आकडा दुकानात सांगा. जुना कंडेन्सर काढताना त्याच्या दोन्ही तारांची उघडी टोकं प्लास्टिकच्या मुठीच्या पेचकसने एकमेकींना टेकवून घ्या, त्यात साठलेला करंट राहू शकते.

पण हे सगळं मेन पाडून. आणि इथे एक गोष्ट मी दोनदा सांगीन कारण चांगले शिकलेले लोकही इथे फसतात, घरी इन्व्हर्टर असेल तर मेन पाडल्याने काम होत नाही. तुम्ही मेन पाडली की इन्व्हर्टरला वाटते लाईन गेली, आणि तो लगेच आपल्या बॅटरीवरून त्याच बोर्डात २३० व्होल्ट पाठवू लागते. लाईन गेल्यावर जे पंखे-लाईट चालू राहतात ते सगळे पॉइंट मेन पाडल्यावरही जिवंत आहेत असं समजा. आधी इन्व्हर्टरचं बटन बंद करा, आऊटपुटची पिन असेल तर ती काढा, मग मेन पाडा, आणि मग टेस्टर घ्या.

टेस्टरचंही नीट ऐका. आधी तो एखाद्या चालू पॉइंटवर लावून पाहा की त्याचा दिवा लागते का, मग मेन पाडून आपल्या कामाच्या तारेला लावा, सगळ्या तारांना, एकाच नाही. काम सुरू करण्याआधी परत एकदा शेजाऱ्याकडच्या चालू पॉइंटवर टेस्टर तपासा. टेस्टरमधला निऑन मधेच मेला तर तो "करंट नाही" असंच सांगते आणि आपण विश्वास ठेवून हात घालतो. रबरी चप्पल घालून लाकडी स्टुलावर उभे असाल तर कधी कधी तो इतका मंद लागते की दुपारच्या उजेडात दिसतच नाही. दहावीस रुपयांच्या टेस्टरवर जीव ठेवू नका, एक चांगला घ्या.

बटन बदलताना आधी मोबाइलने बोर्डाचा फोटो काढा, मग एक एक तार काढून नव्या बटनाला लावा, सगळ्या एकदम सोडू नका. तांब्याचे सगळे बारीक धागे पिळून भोकात गेले पाहिजे, एकही बाहेर लोंबकळता नको, स्क्रू कसा आणि तार हलकी ओढून पाहा. ढिली तार हे बोर्ड जळण्याचं मोठं कारण आहे, ढिला जोड करंटने तापते, तापून आणखी ढिला होते, आणि एक दिवस बोर्ड वितळते. पिन बदलताना हिरवी तार नेहमी जाड, मोठ्या पायाला. ती जागा रिकामी ठेवणारी दोन पायांची पिन कूलरला, इस्त्रीला, फ्रिजला, कोणत्याही पत्र्याच्या वस्तूला लावूच नका. मिक्सरचंही कंपनीने जी पिन दिली तीच ठेवा.

आणि बोर्ड उघडल्यावर आत काय दिसते त्यावरही निर्णय घ्या. महाल-इतवारीकडच्या जुन्या घरांत लाकडी पट्टीवरची वायरिंग अजून दिसते, त्यातल्या तारेचं रबर बोटाने वाकवलं तरी बिस्किटासारखं तुटून पडते. असं दिसलं, किंवा पांढरी अ‍ॅल्युमिनियमची तार दिसली, किंवा जोडापाशी काळं पडलेलं, वितळलेलं दिसलं, तर झाकण परत लावा आणि फोन करा. एक बटन बदलायला गेलेला माणूस तिथे तीन नवीन बिघाड करून येते.

एमसीबी पडते तेव्हा

इथे सगळ्यात जास्त चुका होतात म्हणून जरा थांबतो.

एमसीबी म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच, ती पडली तर काहीतरी सांगून राहिली आहे. पहिलं काम, त्या लाईनवरच्या सगळ्या वस्तूंच्या पिना काढा, फक्त बटनं बंद करू नका, पिनाच काढा. मग एमसीबी वर करा. टिकली तर एक एक वस्तू लावत जा, जिच्यावर पडली ती वस्तू खराब. हे तुम्ही घरी करू शकता, दहा मिनिटांचं काम आहे. पण सगळं काढूनही लगेच पडली तर बिघाड बहुतेक करून भिंतीतल्या वायरमध्ये आहे. मग परत परत वर करू नका. दर वेळी वर करताना त्या बिघडलेल्या जागी शॉर्टचा पूर्ण करंट जाते आणि ठिणगी उडते, भिंतीत उडते म्हणून आपल्याला दिसत नाही एवढंच. तिथे इलेक्ट्रिशियन.

दुसरी चूक, आणि ही मी आमच्याच गल्लीत दोन घरी पाहिली, "१६ अँपिअरची पडते म्हणून ३२ ची टाकली, आता पडत नाही, मस्त चालू आहे." अहो भाऊ, एमसीबी एसीला किंवा गिझरला वाचवायला नसतेच, ती भिंतीतल्या वायरला वाचवायला असते. दीड स्क्वेअर एमएमच्या बारीक वायरीवर ३२ ची एमसीबी लावली म्हणजे आता वायर आधी जळेल आणि एमसीबी नंतर पडेल. जिथे मोठी एमसीबी लावायची गरज वाटून राहिली तिथे आधी मोठी वायर लागते, आणि वायर ओढणं म्हणजे "जे नव्हतं ते वाढवणं", ते आपलं काम नाही. जुन्या किटकॅट फ्यूजमध्ये तांब्याची जाड तार गुंडाळणंही हेच पाप.

हिशोब सोपा आहे, वॅटला २३० ने भागा, अँपिअर निघते. २००० वॅटचा गिझर जवळपास ९ अँपिअर, १५०० वॅटचा पाणी गरम करायचा रॉड साडेसहा, १००० वॅटची इस्त्री सव्वाचार, दीड टनाचा एसी साधारण ७-८ आणि सुरू होताना जास्त. कूलर मात्र बहुतेक करून एक अँपिअरच्या आसपासच, म्हणून कूलर साध्या ६ अँपिअरच्या पॉइंटवर आरामात चालते. रॉड त्याच पॉइंटवर लावला की पिन गरम होते, आणि डिसेंबर-जानेवारीत हा रॉड आपल्याकडे घरोघरी लागते. पिन काढून हाताला गरम लागली तर तो पॉइंट त्या वस्तूसाठी नाही. एसी नवीन घेतला तर त्याला डीबीतून, म्हणजे सगळ्या एमसीबी असतात त्या मेन डब्यातून, वेगळी वायर, साधारण ४ स्क्वेअर एमएमची, आणि वेगळी एमसीबी. दुकानाचा माणूस एसी भिंतीवर लावून जाते, पॉइंट कोणता आहे ते तो विचारत नाही, तुम्ही विचारा. आणि एकाचे दोन एसी झाले तर लाईटबिलावर मंजूर भार किती लिहिला तेही पाहा, तो वाढवायचा असेल तर महावितरणकडे अर्ज आणि लायसनवाल्या कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट लागते.

अजून एक गोष्ट जी मला आईला करंट लागल्यावरच समजली. एमसीबी माणसाला वाचवत नाही. ६ अँपिअरची एमसीबी म्हणजे ६००० मिलीअँपिअर, आणि माणसाचं हृदय बिघडवायला ५०-१०० मिलीअँपिअर पुरतात. आई पत्र्याला चिकटून राहिली असती तरी आमची एमसीबी पडली नसती. माणसाला वाचवते ती आरसीसीबी, ३० मिलीअँपिअरची, जी गेलेला आणि परत आलेला करंट सतत मोजते आणि फरक पडला की सेकंदाच्या काही हिश्श्यात सगळं बंद करते. तुमच्या डीबीत टी लिहिलेलं छोटं बटन असलेली एक रुंद पट्टी आहे का ते आजच जाऊन पाहा. असेल तर ते बटन महिन्यातून एकदा दाबा, खटकन पडली पाहिजे. नाही पडली किंवा डीबीत नाहीच, तर ती बसवून घेणं हे इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यायचं पहिलं काम. जुन्या घरात ती बसवल्यावर सारखी पडते म्हणून काही लोक काढून टाकायला लावतात. ती पडते म्हणजे कुठेतरी करंट गळते आहे किंवा न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी तार, चुकीची जोडली आहे. ती काढली तर गळती तशीच राहते, फक्त सांगणारं कोणी राहत नाही.

हात लावायचा नाही, सरळ फोन

नळाला, फ्रिजला, कूलरला, वॉशिंग मशीनला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, कितीही बारीक, तर वस्तू बंद करून पिन काढा आणि वापर थांबवा. "पावसाळ्यात थोडं थोडं येतेच" हे वाक्य मी इतक्या घरी ऐकलं आहे. थोडं थोडं येत नसते. आज पाय कोरडे होते म्हणून थोडं आलं.

हे बहुतेक वेळा अर्थिंगचं, म्हणजे हिरव्या तारेच्या जमिनीत जाणाऱ्या रस्त्याचं दुखणं असते, आणि अर्थिंग तपासणं टेस्टरचं काम नाहीच, त्याला मीटर लागते. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात सुकते, भेगा पडतात, आणि अर्थिंगच्या खड्ड्यातल्या पाईपाला ती सोडून देते. म्हणजे ज्या महिन्यांत कूलर चोवीस तास चालतात त्याच महिन्यांत अर्थिंग सगळ्यात कमजोर. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात आठवड्यातून एक-दोन बादल्या पाणी टाका, हे आपलं काम. बाकी खड्डा नवीन करणं, तार जोडणं, मोजणं, हे इलेक्ट्रिशियनचं. आणि कोणी इलेक्ट्रिशियन "अर्थिंग नाही ना, न्यूट्रलमधूनच जंपर मारून देतो" म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. न्यूट्रल कुठे तुटली की त्या जंपरमुळे, म्हणजे मारलेल्या जोडतारेमुळे, तुमच्या कूलरच्या पत्र्यावर थेट फेज, म्हणजे जिवंत तारेचा करंट, येते.

न्यूट्रल तुटणं हे आपल्या मे महिन्यातल्या वादळात होणारं काम आहे, कडुनिंबाची फांदी तारांवर पडली की झालं. लक्षण लक्षात ठेवा, बल्ब एकदम जास्त उजेड देतात किंवा मंद होतात, पंखा नेहमीपेक्षा जोरात पळते, टीव्ही-फ्रिजमधून आवाज येते. अशा वेळी विचार करत उभे राहू नका, मेन पाडा. व्होल्टेज २३० वरून पार ३०० च्या वर जाऊ शकते आणि घरातलं सगळं एका मिनिटात जळते. दुसरं रूप असं की काहीच चालत नाही, पण टेस्टर सॉकेटच्या दोन्ही भोकांत लागते. लोकांना वाटते दोन फेज आले. न्यूट्रल गेली असते, आणि आतल्या वस्तूंतून फिरून फेज दुसऱ्या भोकात दिसून राहिला असते. शेजाऱ्यांकडेही तसंच असेल तर महावितरणचा १९१२ नंबर, फक्त तुमच्याकडे असेल तर इलेक्ट्रिशियन. मीटर आणि मीटरच्या आधीचं सगळं महावितरणचं, खांबावर चढणारा "ओळखीचा पोरगा" बोलावू नका, आणि मीटरचं सील तर कोणीच तोडायचं नाही, वीज कायदा २००३ खाली तो गुन्हा आहे.

वास. जळक्या प्लास्टिकचा किंवा मासळीसारखा उग्र वास बोर्डाजवळ येत असेल, बोर्ड हाताला गरम लागत असेल, आतून चर्र चर्र आवाज येत असेल, तर त्या लाईनची एमसीबी पाडा आणि तशीच ठेवा. रात्री वास आला आणि सकाळी नाही म्हणून सोडून देऊ नका, आग अशाच बोर्डातून लागते.

पाणी. २३ सप्टेंबर २०२३ ची ती रात्र नागपूरकरांना सांगायला नको, काही तासांत १०० मिमीच्या वर पाऊस, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी घराघरात शिरलं. त्या वेळी खूप लोकांनी दुसऱ्या दिवशी चिखल काढला, बोर्ड पुसला, आणि मेन वर केली. पाणी बोर्डापर्यंत गेलं असेल तर वरून सुकलेला बोर्ड आत पाईपात ओलाच असते. पाणी शिरतानाच, कोरड्या जागी उभं राहून जमत असेल तरच मेन पाडा. पाण्यात उभं राहून नाही, तसं असेल तर १९१२ ला सांगून बाहेरून लाईन बंद करवा. नंतर इलेक्ट्रिशियनला मेगर, म्हणजे इन्सुलेशन मोजायचं यंत्र, घेऊन बोलवा, त्याने वायरींचं इन्सुलेशन मोजल्याशिवाय मेन वर जायची नाही, मग दोन दिवस अंधारात बसावं लागलं तरी. गळक्या छतामुळे ओल्या झालेल्या भिंतीतल्या बोर्डालाही हेच.

छतावरचं सोलर. २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आल्यापासून खूप लोकांनी पॅनल लावले. धूळ धुवायची असेल तर सकाळी ऊन यायच्या आधी लांबून पाण्याने धुवा, पण तारा, कनेक्टर, डीसीचा डबा ह्याला हात नाही. मेन पाडली तरी ऊन आहे तोवर पॅनलच्या तारांत डीसी करंट असतेच, बहुतेक घरी काहीशे व्होल्ट, आणि चालू कनेक्टर ओढला तर जी ठिणगी निघते ती विझत नाही, ताणल्या जाते.

गिझर, बाथरूममधला कोणताही पॉइंट, बोअरची मोटर आणि तिचा स्टार्टर, थ्री फेज काहीही, बाहेर अंगणातला नवीन पॉइंट, हे सगळं इलेक्ट्रिशियनचंच. पोट्टे तारेत अडकलेली पतंग काढायला लोखंडी सळाख घेऊन छतावर गेले तर आधी खाली बोलवा.

कूलरपुरतं

पाणी भरताना कूलर बंद, आणि बटन बंद करून भागत नाही, पिन काढायची. बटन जर चुकून न्यूट्रलवर असेल तर बंद असूनही फेज आत येऊन राहिला असते. पायात कोरडी चप्पल. पंप पाण्यात पूर्ण बुडालेला पाहिजे, कोरडा चालला की तापते आणि त्याचंच आवरण फाटते, आमच्या पंपाचं कदाचित असंच झालं असेल. कूलरखाली पाणी साचू देऊ नका. एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर नको. खिडकीबाहेर कूलर असेल तर वायर पत्र्याच्या धारेवरून जाते का ते पाहा, कंपनाने ती रोज थोडी थोडी कापल्या जाते. पंप, मोटर, खस हे सगळं तुम्ही बदला, पण तीन तारा असतील तर तिन्ही लागल्या पाहिजे. मधे जोड नको, जोड दिलेली वायर असेल तर पूर्ण नवीन टाका, थ्री-पिनसकट.

आणि कोणाला करंट लागलाच तर त्याला हाताने ओढू नका. आधी मेन किंवा पिन. ते जमत नसेल तर कोरडं लाकूड किंवा प्लास्टिकची खुर्ची, त्याने त्याला ढकला. मग १०८ ला फोन, श्वास चालत नसेल तर ॲम्ब्युलन्स येईपर्यंत छातीवर दाब देत राहा. बरं वाटून राहिलं म्हणाला तरी दवाखान्यात ईसीजी काढून घ्या, आईचाही आम्ही त्याच रात्री काढला.

इलेक्ट्रिशियन कसा ओळखायचा

आयटीआय झालं का, वायरमनचं परमिट आहे का, हे विचारायला लाजू नका, चांगल्या माणसाला राग येत नाही. काम सुरू करताना तो पहिले मेन पाडते का ते पाहा. जो म्हणते "राहू द्या हो, मला सवय आहे", तो तुमच्या घरीही तशाच सवयीने जोड मारून जाईल. त्याच्याकडे टेस्टरशिवाय मीटर आहे का, वायर आयएसआय मार्काची आणतो का, जोड नुसत्या टेपवर सोडते का की कनेक्टर लावते. काम झाल्यावर कुठून कुठे किती स्क्वेअरची वायर टाकली ते एका कागदावर लिहून घ्या आणि डीबीच्या झाकणाला आतून चिकटवा. आमच्या काकाजींनी लिहिलेला कागद अजून तसाच आहे, एसी घेतला तेव्हा तोच कामात आला.

मोठं काम असेल, म्हणजे अर्थिंग, आरसीसीबी, एसीची लाईन, तर फेब्रुवारीतच उरकून घ्या. मार्च संपला की हे सगळे लोक कूलरमध्ये अडकतात, घाईत येतात आणि घाईचं काम करून जातात.

फोन करताना "लाईट नाही आहे, लवकर या" एवढंच सांगू नका. पूर्ण घरात नाही की एकाच खोलीत, शेजाऱ्याकडे आहे का, कोणती एमसीबी पडली, सगळ्या पिना काढूनही पडते का, वास आला का, करंट लागला का, आणि शेवटी कोणी काय बदललं होतं. हे शेवटचं लोक लपवतात, मीही त्या संध्याकाळी आधी लपवलं होतं, आणि काकाजींचा अर्धा तास डीबी तपासण्यात गेला. डीबीच्या झाकणाचा आणि बोर्डाचा फोटो पाठवून द्या म्हणजे तो सामान घेऊनच येईल. आणि तो येईपर्यंत जी एमसीबी पाडली तिच्यावर कागद चिकटवून मोठ्या अक्षरात लिहा, "वर करू नका". घरात दुसरं कोणी असतेच, ज्याला माहीत नसते.